बडोद्याचीं पाश्चात्य चित्रें व वसईच्या घंटा

(१)

बडोदें येथील कमाटी बागेंतील चित्रशाळेची इमारत १९०८ सालीं बांधावयास घेतली व १९१४ सालीं ती पुरी झाली. चित्रशाळा लोकांस खुली झाली ती मात्र १९२१ सालीं. मधलीं सात वर्षें इमारत उभी होती, भिंती तयार होत्या, आणि त्या भिंतींवर लावावयाचीं चित्रें युरोपांत अडकून पडलीं होतीं. १९१४ च्या ऑगस्टांत महायुद्ध पेटलें, समुद्रमार्ग धोक्याचा झाला, व श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या इच्छेनें जमविलेला संग्रह शांतता होईपर्यंत तिकडेच राहिला.

प्रस्तुत लेखांत ह्या सात वर्षांकडे व त्यांतून निघणाऱ्या एका प्रश्नाकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. चित्रांचें गुणदोषविवेचन करण्याचा अधिकार माझा नव्हे. मीं जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलें. रंगरेषांपेक्षां पोथ्यांशीं माझा परिचय अधिक. तथापि पोथ्या पाहतांना डोळ्यांस जी एक संवय लागते, ती चित्रांच्या बाबतींतहि उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे. पोथी हातीं आली कीं आपण प्रथम शेवटचें पान उलटतों. तेथें पुष्पिका असते. लिहिणाराचें नांव, शक, संवत्सर, तिथि, गांव, कोणाच्या पठनार्थ ती लिहिली, हें सारें त्या चार ओळींत सांपडतें. ज्या पोथीचें तें पान गहाळ झालें, ती मजकुरानें संपूर्ण असली तरी इतिहासाच्या दृष्टीनें पोरकी होते. चित्रालाहि अशी पुष्पिका असते. ती बहुधा चित्राच्या पाठीवर असते. चौकटीच्या मागील फळीवर डकविलेली विक्रेत्याची चिठ्ठी, पेटींत भरतांना घातलेला अनुक्रमांक, प्रदर्शनांत मांडल्याची खूण, मालकाची मोहोर, हीच ती पुष्पिका होय. प्रेक्षक चित्राचें तोंड पाहतो. संशोधकानें त्याची पाठहि पाहिली पाहिजे.

वसईच्या रहिवाशानें बडोद्याविषयीं कां लिहावें, अशी शंका कोणी काढील. मुंबईहून बडोद्यास जाणारा लोहमार्ग वसई व विरार ह्या गांवांवरून जातो, एवढेंच ह्या दोन स्थळांचें नातें नाहीं. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं वसईस जो तह झाला, त्यांत गायकवाडांशीं असलेल्या आपल्या वादांत इंग्रजांची मध्यस्थी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनीं पत्करली, हें इतिहासाभ्यासकांस विदित आहेच. आणि आपल्या आजच्या विषयाशीं अधिक जवळचा संबंध असा कीं, युरोपीय घडणीच्या कलावस्तु मराठ्यांच्या हातीं मोठ्या संख्येनें आल्या, त्याचें एक ठळक उदाहरण वसईचेंच आहे. बडोद्यास त्या विकत घेऊन आणल्या. वसईहून त्या जिंकून नेल्या. दोन्ही प्रसंग शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे संग्रह करणें व संग्रहाचा इतिहास राखणें ह्यांतील अंतर स्पष्ट होतें.

(२)

प्रथम बडोद्याचा विचार करूं. सयाजीराव महाराजांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजीं नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें येथें झाला. १८७५ सालीं ते दत्तक आले, १८८१ च्या डिसेंबरांत त्यांस पूर्ण अधिकार मिळाले, व १८८७ पासून त्यांच्या युरोपच्या सफरी सुरू झाल्या. ह्या सफरींत त्यांनीं शाळा, कारखाने, ग्रंथालयें व चित्रशाळा पाहिल्या, आणि जें पाहिलें तें आपल्या संस्थानांत कसें आणतां येईल ह्याचा ध्यास घेतला. कमाटी बागेंतील म्यूझियमची स्थापना १८८७ ची; त्याची इमारत १८९४ सालीं तयार झाली. पुढें युरोपीय चित्रांसाठीं स्वतंत्र शाळा असावी असें ठरलें, व चित्रें निवडण्याचें काम लंडनचे कलासमीक्षक मॅरियन स्पीलमन यांजकडे सोंपविण्यांत आलें.

हे स्पीलमन (१८५८–१९४८) म्हणजे 'मॅगझिन ऑफ आर्ट' ह्या मासिकाचे १८८७ ते १९०४ पर्यंतचे संपादक. त्यांचें वजन मोठें होतें, परंतु त्यांची रुचि व्हिक्टोरिया राणीच्या काळांत घडलेली होती. ह्या गोष्टीला महत्त्व आहे. १९१० सालीं, म्हणजे बडोद्याची इमारत चढत असतांनाच, लंडनच्या ग्राफ्टन गॅलरींत रॉजर फ्राय यांनीं सेझान, गोगँ, व्हॅन गॉग आदि चित्रकारांचें प्रदर्शन भरविलें आणि त्यावरून मोठा गहजब झाला. 'आधुनिक' ह्या शब्दाचा अर्थ त्याच वर्षांत पालटत होता. बडोद्यासाठीं निवड करणारा रसिक मात्र जुन्या अर्थाला धरून होता. त्यामुळें बडोद्याच्या भिंतींवर युरोपची जी कला आली, ती एका विशिष्ट पिढीच्या डोळ्यांनीं पारखलेली कला होय. इटालियन, फ्लेमिश, डच अशा जुन्या परंपरांचीं चित्रें व त्यांच्या जोडीला इंग्लंडांतील अलीकडच्या चित्रकारांचीं चित्रें, असा हा मेळ आहे. टर्नर व कॉन्स्टेबल ह्यांचीं नांवें तेथें वाचावयास मिळतात.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. थोर नांवाखालीं आलेलें प्रत्येक चित्र त्याच हातचें असतें असें नाहीं. शिष्यांनीं केलेल्या प्रती, संप्रदायांतील अनुकरणें, व्यापाऱ्यांनीं चढविलेलीं नांवें, हा घोळ जगांतील सर्व जुन्या संग्रहांत आहे. पोथ्यांच्या बाबतींत कालिदासाच्या नांवावर किती काव्यें घातलीं गेलीं, हें आपण जाणतोंच. हा घोळ सोडविण्याचीं साधनें दोन: एक, चित्राची अंगपरीक्षा, दुसरें, त्याचा कागदोपत्रीं प्रवास. कोणी विकलें, त्याआधीं तें कोणाकडे होतें, कोणत्या लिलांवांत गेलें, ही साखळी जितकी अखंड तितकें नांव खात्रीचें. पुढें १९३० च्या दशकांत जर्मनींतील ज्यू-छळामुळें देशोधडीस लागलेले कलेतिहासज्ञ एर्न्स्ट कोन-वीनर बडोद्यास आले, व त्यांच्यामागून हेर्मान गोएत्स यांनीं १९५३ पर्यंत तेथील म्यूझियमची धुरा वाहिली. युरोपची कला युरोपांतून हद्दपार झालेल्या विद्वानांनीं बडोद्यांत अभ्यासावी, हा योग विलक्षण खरा. पण असे विद्वान आले तरी त्यांस हातीं धरावयास कागद लागतातच.

आतां त्या सात वर्षांकडे वळूं. इमारत १९१४ सालीं पुरी झाली व चित्रें तिकडेच राहिलीं, ह्या एका वाक्यांत केवढें कारकुनी काम दडलेलें असतें ह्याची कल्पना करून पाहावी. खरेदी झालेल्या मालाची राखण, जागेचें भाडें, आगीचा व बाँबचा विमा, पेट्यांच्या याद्या, जहाजांच्या चौकशा, बडोद्याच्या व लंडनच्या कचेऱ्यांमधील पत्रें, हें सर्व अशा प्रसंगीं होतें. पाणबुड्यांनीं व्यापारी जहाजें बुडविण्याचा सपाटा चालविलेला असतांना चित्रें न हलविण्याचा निर्णय शहाणपणाचा ठरला. कॅनव्हास एकदां समुद्राच्या तळाशीं गेला म्हणजे त्याची दुसरी प्रत नसते.

ह्याच काळांत बडोद्यांत दुसरें एक काम चाललें होतें. सरकारच्या आज्ञेनें चिमणलाल दलाल यांनीं पाटण येथील जैन भांडारें तपासून हस्तलिखितांची यादी केली, व १९१६ सालीं गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ, राजशेखराची काव्यमीमांसा, प्रसिद्ध झाला. अर्थात् युरोपांत पेट्यांत बंद पडलेलीं चित्रें प्रकाशाची वाट पाहत होतीं, त्याच वेळीं त्याच संस्थानानें पाटणच्या पेट्यांत बंद पडलेल्या पोथ्या उजेडांत आणल्या. मला ह्यांत एकाच बुद्धीचे दोन हात दिसतात. परंतु फळांत फरक पडला. काव्यमीमांसा छापली गेली व जेथें संस्कृत शिकविलें जातें तेथें पोंचली. माझ्या टेबलावरहि ती होती. चित्रें बडोद्यास आलीं व तेथेंच राहिलीं.

(३)

कलावस्तु लोकांपर्यंत जाते ती दोन मार्गांनीं. एक तर मूळ वस्तु फिरते, नाहीं तर तिची प्रत फिरते. बडोद्याच्याच इतिहासांत दोन्हींचे दाखले आहेत.

१८८८ सालीं महाराजांनीं राजा रविवर्मा यांस रामायण-महाभारतांतील प्रसंगांवर १४ चित्रें काढण्याचें काम दिलें. तीं पुरीं झाल्यावर राजवाड्यांत बंदिस्त होण्यापूर्वीं लोकांस पाहावयास मिळालीं व त्यांस अलोट गर्दी लोटली. देवदेविकांचें दर्शन अशा रीतीनें, सोंवळ्याओंवळ्याची अट न पडतां, सर्वांस एका रांगेंत उभें राहून घडलें. त्या गर्दीनेंच बहुधा हें दाखवून दिलें कीं, अशा चित्रांची भूक देशांत आहे. १८९४ सालीं रविवर्म्यांनीं मुंबईस शिळाछापखाना काढला. पुढें तो घाटकोपरहून लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथून निघालेल्या रंगीत छापांनीं महाराष्ट्रांतील देवघरें व ओसऱ्या भरून गेल्या. १८९० सालीं स्थापन झालेल्या बडोद्याच्या कलाभवनांत शिकलेले व पुढें ह्या छापखान्यांत काम केलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनीं १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट लोकांपुढें आणला. युरोपीय तैलरंगांची रीति, पुराणांतील विषय, छापखाना व चित्रपट, ही एक सलग वाट आहे, व तिचा एक टप्पा बडोदें आहे.

दुसरा दाखला ग्रंथालयांचा. १९०६ च्या अमेरिकेच्या प्रवासांत महाराजांनीं तेथील सार्वजनिक ग्रंथालयें पाहिलीं व १९१० सालीं विल्यम बॉर्डेन नांवाचे ग्रंथपाल तेथून बोलावून आणले. बॉर्डेन १९१३ पर्यंत बडोद्यास होते. त्यांच्या योजनेंत फिरतीं ग्रंथालयें होतीं. पुस्तकांनीं भरलेल्या पेट्या गांवोगांव जात व ठराविक मुदतीनंतर बदलून येत. शिवाय जादूचा कंदील व चित्रपट ह्यांच्या साह्यानें निरक्षरांस शिक्षण देणारी एक शाखाहि ह्या खात्यानें चालविली.

म्हणजे ज्या संस्थानांत पुस्तकें पेटींतून गांवीं जात, पुराणचित्रांच्या प्रती घरोघर लागल्या, त्याच संस्थानांत पाश्चात्य चित्रें एका बागेंतील एका इमारतींत स्थिर राहिलीं. मूळ चित्रें फिरविणें धोक्याचें व खर्चाचें, हें मान्यच आहे. मी १९९७ सालीं प्रथम बडोद्यास गेलों, तेव्हां म्यूझियमच्या दालनांत इजिप्तच्या ममीपुढें व देवमाशाच्या सांगाड्यापुढें मुलांची झुंबड होती. युरोपीय चित्रांच्या दालनांत आम्ही तिघे-चौघेच होतों. पहारेकऱ्यानें मला विचारलें, "साहेब, तुम्ही चित्रें काढतां काय?" मीं म्हटलें, "नाहीं, मी पोथ्या वाचतों." त्याला त्याचा अर्थ लागला नसावा. त्या दिवशीं माझ्या मनांत आलें तें हें कीं, समोरच्या चित्राइतकाच त्याचा येथवरचा प्रवास कुतूहल वाढविणारा आहे. तो प्रवास चित्राशेजारीं लिहून लावला तर ममीपुढचीं मुलें येथेंहि थांबतील.

(४)

आतां वसईकडे येऊं. १५३४ सालीं गुजरातच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली व १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं ती जिंकून घेतली. दोनशें पांच वर्षांच्या त्या अमलांत किल्ल्यांत व आसमंतांत जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा पंथांनीं देवालयें व मठ उभारले. त्यांच्या कमानी व मनोरे आजहि किल्ल्यांत भग्नावस्थेंत उभे आहेत. मनोऱ्यांत घंटा मात्र नाहींत. त्या महाराष्ट्रभर देवळांत आहेत.

वाईजवळ मेणवलीस कृष्णेच्या घाटावर जी मोठी घंटा टांगलेली आहे, तिच्यावर १७०७ हा सन व बाल येशूसह मरियेची आकृति आहे. नाशिकास गोदातीरीं नारोशंकर राजेबहादूर यांनीं १७४७ सालीं बांधलेल्या मंदिराची घंटा १७२१ सालची असून 'नारोशंकराची घंटा' म्हणून तिची ख्याति आहे. भीमाशंकर येथेंहि अशीच एक घंटा शनिमंदिरासमोर आहे, व ती चिमाजी अप्पांनीं वाहिली असें सांगतात. ओतलेल्या धातूची ही कला युरोपीय घडणीची. तिच्यावरील चिन्हें ख्रिस्ती. आणि आज तिचा नाद हिंदु देवालयांत घुमतो. कोणी ती आकृति तासून काढली नाहीं, हें आपल्या पूर्वजांच्या वृत्तीचें द्योतक मानावें असें मला वाटतें. जयचिन्ह म्हणून आणलेली वस्तु पूजेच्या उपयोगास लागली, व तिच्या अंगावरचा मूळ लेख तसाच राहूं दिला गेला.

ह्या लेखाचें महत्त्व येथें आहे. घंटेची पुष्पिका तिच्या अंगावरच ओतलेली असते. ती फाडतां येत नाहीं. म्हणून घंटा केव्हां ओतली हें आपण सांगूं शकतों. ती वसईच्या कोणत्या मनोऱ्यांतून उतरविली, कोणत्या वाटेनें घाट चढली, किती बैल लागले, कोणाच्या हुकुमानें कोणत्या देवाला वाहिली, हें घंटा सांगत नाहीं. तें दप्तरानें सांगावयाचें. घंटेचा जन्म धातूवर, व तिचा प्रवास कागदावर.

मेणवलीचा विचार करतां ही गोष्ट अधिकच मनांत भरते. तो घाट व वाडा नाना फडणविसांचा. ह्याच नानांचें चित्र १७९२ च्या सुमारास पुण्यांत जेम्स वेल्स ह्या स्कॉटिश चित्रकारानें सवाई माधवरावांसह काढलें. वेल्स रेसिडेंट सर चार्ल्स मॅलेट यांच्या आश्रयानें पुण्यास होता व १७९५ सालीं वारला. मॅलेटनें शनिवारवाड्यांत चित्रकलेची शाळा काढण्यास चालना दिली, व तेथें तयार झालेले गंगाराम चिंतामण तांबट यांनीं वेरूळ आदि लेण्यांचीं सुंदर रेखाटनें केलीं. आज ह्या वस्तु कोठें आहेत? पेशवे व नाना यांचें तें तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे, व तांबटांचीं रेखाटनें अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रांत. युरोपची घंटा मेणवलीस आली, आणि मेणवलीच्या धन्याचें चित्र युरोपास गेलें. नानांचें मेणवली दप्तर मात्र महाराष्ट्रांत राहिलें, हें आपलें भाग्य. तें रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६) यांनीं मिळविलें, सातारच्या त्यांच्या ऐतिहासिक संग्रहालयांत तें ठेवलें गेलें, व १९३९ सालीं त्या संग्रहासह पुण्यास डेक्कन कॉलेजांत आलें. पारसनीसांनीं कागदांबरोबर जुनीं चित्रेंहि जमविलीं. चित्र व दप्तर एकाच छपराखालीं असावें, हें त्यांस कळलें होतें.

(५)

खाजगी संग्रह सार्वजनिक झाला म्हणजे त्याचें काय होतें, ह्याचीं आणखी दोन उदाहरणें थोडक्यांत देतों. सर रतन टाटा (१८७१–१९१८) इंग्लंडांत ट्विकनहॅम येथील आपल्या वाड्यांत राहत व तेथें त्यांनीं कलावस्तु जमविल्या. त्यांच्या मृत्यूनंतर तो संग्रह मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियमकडे, म्हणजे आजच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाकडे, आला. त्यांचे वडील बंधु सर दोराबजी (१८५९–१९३२) यांचा संग्रह १९३३ सालीं तेथेंच दाखल झाला. तेथील युरोपीय चित्रांचा पाया ह्या दोन देणग्यांनीं घातला. वसईच्या माणसाला तासा-दीड तासाच्या आंतगाडीच्या प्रवासांत युरोपचीं तैलचित्रें पाहतां येतात, तीं ह्या दोन भावांमुळें.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रकार. त्यांनीं १९३८ सालीं औंधास डोंगरावर संग्रहालय उभारलें. तेथें रविवर्मा व धुरंधर यांच्या कृतींबरोबर पाश्चात्य चित्रांच्या प्रती आहेत, व हेन्री मूर ह्या इंग्रज शिल्पकाराची 'माता व बालक' ही मूर्तिहि आहे. सातारा जिल्ह्यांतील एका टेकडीवर विसाव्या शतकांतील युरोपीय शिल्पाचा असा नमुना असावा, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

आणि ज्या प्रदर्शनांतील वस्तु फिरतीवर येऊन परत गेल्या, त्याची गोष्ट कशी राहते? १९२२ च्या डिसेंबरांत, म्हणजे बडोद्याची चित्रशाळा उघडल्यावर पुढल्याच वर्षीं, कलकत्त्यास इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टच्या प्रदर्शनांत जर्मनींतील बाउहाउस ह्या कलाशाळेच्या क्ले, कान्डिन्स्की, इटन आदि आचार्यांचीं चित्रें मांडलीं गेलीं. खऱ्या अर्थानें नवी अशी युरोपीय कला हिंदुस्थानांत प्रत्यक्ष आली ती ह्या वेळीं. प्रदर्शन संपलें, भिंती मोकळ्या झाल्या. तरीहि २०१३ सालीं जर्मनींत डेसाउ येथें त्या प्रदर्शनावरच एक प्रदर्शन भरवितां आलें. हें शक्य झालें कारण छापील यादी उरली होती व त्या वेळचे वृत्तांत उरले होते. कांहीं आठवडे चाललेल्या प्रदर्शनाला यादीनें नव्वद वर्षांचें आयुष्य दिलें.

(६)

आतां एक गोष्ट स्वतःविषयीं सांगितली पाहिजे, कारण वरील उपदेश करण्याचा अधिकार मला चुकीनें मिळाला आहे.

१९८४ सालीं मी नवा शिक्षक असतांना वसईंतील एका विद्यार्थ्याच्या घरीं गेलों होतों. जुनें, कौलारू, मोठ्या ओसरीचें घर. ओसरीवर मरियेचें एक रंगीत छापील चित्र जड लांकडी चौकटींत टांगलेलें होतें. मुलाच्या वडिलांनीं तें उतरवून माझ्यापुढें धरलें व म्हणाले, "गुरुजी, मागें कांहीं लिहिलें आहे, बघा बरें वाचतां येतें का." मागच्या फळीवर रोमन लिपींतील एक फाटकी चिठ्ठी, एक आंकडा व शाईची पुसट मोहोर होती. अर्धी फळी वाळवीनें पोखरलेली होती. मला तें वाचतां आलें नाहीं, आणि मीं तें लिहूनहि घेतलें नाहीं. मीं सल्ला दिला, "ही फळी टाका, नाहीं तर वाळवी चित्रास लागेल." शिक्षकाचा शब्द, त्यांनीं फळी त्याच संध्याकाळीं बंबांत घातली.

१९९७ सालीं बडोद्याहून परततांना गाडींत मला ती चिठ्ठी आठवली, व दुसऱ्याच दिवशीं मी त्या घरीं गेलों. वडील वारले होते. चित्र होतें, मागें नवा प्लायवूड होता. माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, तुम्हींच तर सांगितलें होतें." त्याच्या बोलण्यांत राग नव्हता, त्याला त्यांत कांहीं गेलें असें वाटलेंच नव्हतें. चित्र वाचलें हें खरें. परंतु तें चित्र कोणत्या देशांत छापलें, कोणत्या दुकानांतून आलें, त्या घराण्यांतील कोणत्या पुरुषानें तें आणलें, हे प्रश्न विचारण्याचा धागाच मीं जाळावयास सांगितला.

अशा घरांची संख्या दिवसेंदिवस कमी होत आहे. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली. त्याच्या आधींपासूनच जुन्या वाड्या व बंगल्या पाडून इमारती उठत आहेत. घर पाडतांना चित्रें बहुधा राखलीं जातात, कारण तीं देवाचीं किंवा वाडवडिलांचीं असतात. फळ्या, चिठ्ठ्या, पावत्या, पेटींतील कागद हे मात्र रद्दींत जातात. संग्राहकहि ह्यांत निर्दोष नाहींत. पोथी विकत घेतांना रुमाल टाकून देणारा संग्राहक, चित्र घेतांना जुनी चौकट बदलून घेणारा संग्राहक, व नाणीं घासून लखलखीत करणारा संग्राहक, हे एकाच कुळीचे होत.

तेव्हां सभासदांस माझी विनंति आहे ती येणेंप्रमाणें. ज्यांच्या घरीं जुनें युरोपीय चित्र, छाप, घंटा, समई, दुर्बीण, घड्याळ, कोणतीहि परदेशी वस्तु असेल, त्यांनीं ती एकदां उलटून पाहावी. पाठीवर वा तळाशीं जें लिहिलें असेल तें, अर्थ कळो वा न कळो, अक्षरशः उतरून घ्यावें व त्याचें छायाचित्र काढावें. अर्धवट अक्षर अर्धवटच लिहावें; अंदाजानें पुरें करूं नये. लांबी-रुंदी मोजावी. ती वस्तु घरांत कशी आली ह्याविषयीं वडील माणसांनीं जें सांगितलें असेल तें सांगणाराच्या नांवानिशीं व तारखेनिशीं नोंदवावें. ऐकीव तें ऐकीव म्हणूनच नोंदवावें. फळी किडली असेल तर चिठ्ठी अलगद सोडवून कागदी पाकिटांत ठेवावी व त्यावर चित्राचा क्रमांक घालावा. वस्तु विकली वा दिली तर ही नोंद वस्तूबरोबर जावी, व तिची एक प्रत मंडळाकडे यावी. ह्या कामास विद्वत्ता लागत नाहीं, फार तर एक वही व पेन्सिल लागते.

बडोद्याच्या चित्रांनीं सात वर्षें युद्ध संपण्याची वाट पाहिली. आपल्या घरांतील वस्तूंना तेवढी सवड नाहीं; एक पिढी गेली कीं सांगणारा जातो, एक वाडा पडला कीं कागद जातो.

वसईच्या त्या घरांतील चित्राची नोंद मीं आतां माझ्या वहींत केली आहे. मापें घेतलीं आहेत, चौकटीच्या लांकडाचें वर्णन लिहिलें आहे. पाठीच्या रकान्यांत पुढील मजकूर आहे: 'रोमन लिपींतील चिठ्ठी, एक आंकडा, एक मोहोर. १९८४ सालीं नष्ट. नष्ट करण्यास सांगणारा, ही नोंद लिहिणारा.'